काळं तोंड

माझ्या सासूबाई अजूनही कुणाचं तोंड धुत नाहीत. एल्सीचंसुद्धा नाही. काकवी-भाकर खाऊन, गालापासून कानापर्यंत चिकट होऊन ती त्यांच्या मांडीवर चढते, तेव्हा त्या तिला पोटाशी धरतात, तिच्या बुटांचे बंद बांधतात, केसांतला गुंता बोटांनी हळूहळू सोडवतात. पण फडक्याला हात लावत नाहीत. "इस्बेल, हिचं तोंड बघ गं," अशी मला हाक मारतात. मी परसात असले, गाईखाली दूध काढत असले, तरी हातातलं टाकून येते, पोरीचं तोंड पुसते आणि परत जाते. आमच्या दोघींत यावर कधी बोलणं झालेलं नाही.

माझा नवरा निनियन, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, विणकर होता. आमच्या ओढ्याकाठच्या वस्तीत लिननचं कापड हवं असलं की लोक त्याच्याकडे सूत आणून टाकायचे. सांगितलं तेवढं आणि सांगितलं तसं, हा त्याचा स्वभाव. कुणी वीतभर रुंद पट्टी मागितली तर ती वीतभरच निघायची, बोटभर जास्त नाही. शेजारचा ह्यू ट्रिंबल त्याची फार थट्टा करायचा. म्हणायचा, "निनियनला 'दार लावून घे' म्हणून सांगा, हा दार लावून बाहेर पायरीवर बसेल. का, तर 'आत ये' असं कुणी म्हटलंच नव्हतं!"

निनियन त्यावर नुसता हसायचा. "मग? म्हटलं होतं का कुणी?"

आमच्या वस्तीत पूर्वी 'तोंड काळं करून आला' ही शिवी होती. समुद्रापलीकडच्या राजाची पलटण आमच्यावर चालून आली, त्या मार्चपासून ती शाबासकी झाली. बंदुकीचं काडतूस कागदाचं असतं. त्याचं टोक दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानात, म्हणजे बाजूच्या खोबणीत, घालायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. दरवेळी थोडी दारू ओठांवर सांडते, घामात मिसळून गालांवर पसरते. बार काढलेल्या माणसाचं तोंड कोळसा खाल्ल्यासारखं दिसतं. "जन्मात पहिल्यांदा न पिता दारूने तोंड काळं झालं," असं ह्यूच म्हणाला होता.

निनियनची काडतुसं मी आणि सासूबाईंनीच वळली. जुन्या पंचांगाची पानं फाडून, जेवणाच्या मेजावर. एल्सी तेव्हा चार महिन्यांची होती, पाळण्यात पाय झाडत होती. सासूबाई म्हणाल्या, "कागद जाड आहे, दात दुखतील त्याचे." लढाईला निघालेल्या मुलाच्या दातांची काळजी! मी हसले, आणि मग हसले म्हणून मलाच कसंतरी झालं.

लढाई आमच्या घरापासून लांब नव्हती. दुपारी आधी तोफा ऐकू आल्या. चुलीवरच्या भांड्याचं झाकण थरथरत होतं. मग तोफा थांबल्या आणि बराच वेळ काहीच नाही. कोंबड्या पुन्हा उकरायला लागल्या. आणि एकदम एक आवाज आला, नवंकोरं कापड दोन्ही हातांनी टरकन फाडावं तसा, फक्त आभाळाएवढा. सासूबाई दारात होत्या. "आपली माणसं," त्या म्हणाल्या. त्यांना कसं कळलं कोण जाणे. थोड्या वेळाने तसाच दुसरा. त्यानंतर नुसता कडकडाट, त्यातलं कुणाचं काय ते कळेना.

संध्याकाळ व्हायच्या आत सासूबाई झऱ्यावर पाणी आणायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत, म्हणून मी एल्सीला कडेवर घेऊन गेले. बघते तर निनियन दगडावर बसलेला, बंदूक गुडघ्यांत धरलेली, आणि सासूबाई ओल्या फडक्याने त्याचं तोंड घासत होत्या. कानांमागून, मानेखालून, नाकाच्या कडेने. तो लहान असताना घासत असतील तसंच.

"आई, थोडी कातडी राहू दे गं," तो म्हणत होता.

"गप बस. भुतासारखा आलायस. पोरगी बघेल तर भिऊन जाईल."

मी पोचेपर्यंत त्याचा चेहरा सोललेल्या बीटासारखा लाल झाला होता. बादलीतलं पाणी काळंभोर. सासूबाईंनी ते गवतावर ओतून दिलं, फडकं पिळलं, आणि मुलाच्या कपाळावर ओठ टेकवले. आयुष्यात इतकं स्वच्छ झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्याने एल्सीला घेतलं आणि तिच्या पोटात नाक खुपसलं. ती खिदळली. तेव्हाच्या आमच्या सुखाची मला अजून भीती वाटते.

घरी आल्यावर जेवायच्या आधी त्याने बंदूक साफ केली. हे त्याच्या वडिलांनी लावलेलं वळण. बंदूक वापरली की कढत पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, चरबी लावायची, मग स्वतः ताटावर बसायचं. नळी धुता धुता तो सांगत होता.

"कुंपणाच्या दांड्यावर बंदुका टेकवल्या. समोर मक्याचं मोकळं शेत, नुसता चिखल. ते झाडीतून निघाले आणि चालत आले, इस्बेल. पळत नाही, चालत. ढोलावर पाऊल टाकत. त्यांच्या संगिनींवर ऊन पडलं होतं. आम्हाला कुठे होत्या संगिनी? कुणाकडे शिकारीची बंदूक, कुणाकडे आजोबाची. डोळे दिसतील इतके जवळ येऊ दिले आणि मग झाडली. आई, मागावरच्या ताण्याच्या मधल्या धाग्यांवर कुणी कात्री चालवावी तशी त्यांची रांग तुटली. ते थांबले! राजाची पलटण, जिच्यापुढे म्हणे कुणी टिकत नाही, ती विणकरांसमोर आणि नांगरणाऱ्यांसमोर थांबली."

"आणि मग?"

"मग पुन्हा भरली." त्याने नळीतलं पाणी ओतून टाकलं. "त्यातले काही आमच्या आजीच्या बोलीत ओरडत होते. स्कॉटलंडची पोरं. 'आई गं' म्हणत होता एक, अगदी आजी म्हणायची तसं. मी दुसरी झाडली. सकाळी सेनापती घोड्यावरून रांगेसमोरून गेला होता. म्हणाला, दोन फैरी द्या, पोरांनो, नीट नेम धरून, मग तुम्ही मोकळे. मी दोन दिल्या. मग निघालो."

"रॉबिन कुठाय?" सासूबाईंनी विचारलं. रॉबिन हा आमच्या गावफौजेच्या कॅप्टन लोरिमरचा मुलगा. तो आणि निनियन एकाच बाकावर शिकले होते.

"माझ्या शेजारीच होता. मी म्हटलं, चल, दोन झाल्या. तर तो तिसरी भरत होता. 'हो पुढे, आलोच' म्हणाला." निनियनने नळीत फडकं घातलं, काढलं, उजेडाकडे धरून आत पाहिलं. "आला असेल घरी."

रॉबिन घरी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी, रात्रभर पडलेला पाऊस थांबल्यावर, बापाला तो त्याच कुंपणाशी सापडला, पालथा, तोंड बाहीत खुपसलेला. पोटात संगीन शिरली होती.

मैदान राजाच्या लोकांकडे गेलं. त्यांची माणसं आपल्यापेक्षा किती जास्त पडली, हे सगळ्यांनाच दिसत होतं. त्यांच्या जखमींना पाणी पाजायला आम्ही बायकाच गेलो होतो, शेतात पाय ठेवायला जागा नव्हती. पण मैदान सोडलं ते आपण. आणि हरलेल्या लढाईला कुणीतरी धनी लागतो. आठवडाभरात ठरून गेलं, की पुढची रांग पळाली म्हणून हरलो. सेनापतीने दोन फैरींनंतर मोकळं केलं होतं, हे कुणाला आठवेना. हुकूम निघाला, की जे न लढता पळाले त्यांनी वर्षभर आपल्या बाजूच्या कायमच्या पलटणीत राहून ते फेडायचं.

कोण लढला आणि कोण पळाला, हे आमच्या वस्तीपुरतं कॅप्टन लोरिमरने ठरवायचं होतं. लढाईच्या संध्याकाळी तो गाडीरस्त्याच्या फाट्यावर उभा राहिला होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत होता. ज्याचं काळं, त्याला "जा घरी" म्हणत होता. वस्तीतल्या ॲडम ग्रीरला असाच सोडला. ॲडमने बार काढलेला कुणी पाहिला नव्हता. ह्यू म्हणायचा, "त्याने वाटेतलं एखादं धुराडं चाटलं असणार." निनियन फाट्यावरून आलाच नव्हता. तो जंगलातून आला, कारण ती वाट जवळची होती.

रॉबिनला पुरून झाल्यावर कॅप्टन आमच्याकडे आला. पायी आला, टोपी काढली नाही. ह्यू तेव्हा आमच्याकडेच होता, ताक पीत बसलेला. निनियन माग थांबवून बाहेर आला.

"रॉबिनचं कळलं, कॅप्टन," तो म्हणाला. "मी त्याला म्हटलं होतं—"

"तू कुठे गेला होतास?"

"घरी."

"घरी! लढाई चालू असताना."

"माझी झाली होती," निनियन म्हणाला. त्याने हे इतकं सरळ म्हटलं, की मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

तो पुढे म्हणाला, "दोन फैरी द्या आणि जा, असं सांगितलं होतं. दोन दिल्या. हवं तर ह्यूला विचारा."

"हो, हो, मी सांगतो ना," ह्यू पुढे झाला.

कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलं. "तुझी बंदूक कुठाय, ट्रिंबल?"

"ती? ती म्हणजे... पळताना जरा जड होत होती."

एखाद्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे हसलो असतो. कॅप्टन आत गेला आणि त्याने भिंतीवरची निनियनची बंदूक काढली. नळीला नाक लावलं. बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"दोन बार काढलेली नळी अशी असते?"

"धुतली मी. आल्या आल्या."

"आणि तोंड?"

सासूबाई कॅप्टनसमोर आल्या. "तोंड मी धुतलं, अँड्र्यू. झऱ्यावर. काळंकुट्ट होतं, पाणी नुसतं शाईसारखं झालं होतं. थांब, दाखवते." त्या धावत आत गेल्या आणि फडकं घेऊन आल्या. खरंच काळं होतं ते.

"चुलीशेजारी कुठल्या घरात पांढरं फडकं असतं, मार्गरी?"

"देवाची शपथ घेते. पाद्रीबाबांसमोर घेते."

"तू आई आहेस."

"म्हणून काय खोटं बोलेन?"

"म्हणून तुझं कुणी ऐकणार नाही," कॅप्टन म्हणाला. "मी बाप आहे, माझं तरी कोण ऐकतंय?" मग निनियनकडे वळून म्हणाला, "तोंड धुतलं, बंदूक धुतली. सगळं धुऊन बसलास तू."

तो गेल्यावर सासूबाई ते फडकं हातात धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला त्यांच्या हातातून ते घ्यायचं होतं. घेतलं नाही. घेतलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं असतं, माहीत नाही.

कॅप्टनच्या यादीत निनियनचं आणि ह्यूचंही नाव आलं. पलटणीकडे निघायच्या आदल्या दिवशी निनियन जवसाच्या वाफ्याला कुंपण घालत होता. मी एल्सीला पाजत बांधावर बसले होते. मी म्हटलं, "डोंगरापलीकडे माझा मामा आहे. तिकडे कोण विचारायला येतंय? तू आजच नीघ. आम्ही मागून येऊ. आईंनाही आणते."

"मी पळालो नव्हतो, इस्बेल."

"मला माहितीय रे."

"मग आता कसा पळू? आता पळालो तर त्या दिवशीचंही खरं ठरेल."

"ठरू दे! काय करायचंय लोकांना ठरवून? तुझं नाव कुशीत घेऊन झोपायचं का मी रात्री?"

तो हसला. खुंटीवर हातोडा मारला. "तू म्हणजे अगदीच बेशरम."

"आहेच." मला रडू आलं, आणि एल्सीने दूध सोडून माझ्याकडे वर पाहिलं. "बरं, मग एवढं तरी कर. मागे फिरा म्हणाले की फिरायचं. आजवर जसा वागलास तसाच वाग. सांगितलं तेवढं, सांगितलं तसं."

"तसंच वागलो होतो," तो म्हणाला, "आणि बघ, काय झालं ते." त्याने एल्सीचा पाय धरून तळव्याला दाढी घासली. तिला ते फार आवडायचं. त्याने वचन दिलं नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

सकाळी सासूबाईंनी त्याच्या पिशवीत मक्याच्या भाकरी आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा बांधून दिला. एरवी तो गिरणीपर्यंत निघाला तरी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरणारी ती बाई, त्या दिवशी हात मागे बांधून उभी होती. त्यानेच वाकून त्यांच्या गालाला गाल लावला. "आई, अगं, असं काय?" तो म्हणाला. त्या म्हणाल्या, "जा, उशीर होतोय."

उन्हाळा गेला. एल्सी बसायला लागली, मग रांगायला. प्रार्थनाघरात आमच्या बाकावर आम्ही तिघीच असायचो. ॲडमच्या घरची ग्रीरबाई आमच्याशी बोलायची, पण तिच्या बोलण्यात मेजवानीनंतर उरलेलं वाढताना असतो तसा मोठेपणा असायचा. सासूबाई काही ऐकायच्या नाहीत. रोज संध्याकाळी त्या झऱ्यावर जायच्या आणि गरज नसताना दोन बादल्या आणायच्या.

डिसेंबरात ह्यू परत आला. दंडापासून खाली त्याचा डावा हात नव्हता. मी दार उघडलं आणि त्याच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"इस्बेल," तो म्हणाला, "मला आधी बसू दे."

सासूबाईंनी त्याला स्टूल दिलं. त्या चुलीसमोर बसल्या आणि त्यांनी एल्सीला जवळ ओढून घेतलं.

ह्यू बराच वेळ इकडचंतिकडचं बोलत राहिला. दक्षिणेतला उन्हाळा, डास, भात म्हणून काय खायला देतात ते, कवायत शिकवणारा सार्जंट. "सार्जंट म्हणायचा, अख्ख्या पलटणीत सरळ रेघ एकाच माणसाला कळते. निनियनला. त्याच्याकडे बघून बाकीच्यांनी उभं राहायचं." सासूबाईंची मान थोडी हलली.

मग त्याने सांगितलं. सप्टेंबरात, झऱ्यांजवळच्या एका जंगलात. उकाडा असा की बंदुकीची नळी हाताला चटका द्यायची. आधी पुढे गावफौज होती, ती खूप वेळ लढली. मग यांना पुढे काढलं.

"आणि ते मागे हटायला लागले, इस्बेल. आमच्यासमोर! पळपुटे म्हणून बांधून नेलेले आम्ही. निम्म्या लोकांच्या पायात धड बूट नव्हते. आणि राजाची पलटण मागे मागे जात होती. मला वाटलं, लोरिमर म्हाताऱ्याने हे बघायला हवं होतं. निनियन माझ्या शेजारी होता. काडतूस फाडतोय, भरतोय, झाडतोय, पुन्हा फाडतोय, तुमच्या त्या मागावर बसल्यासारखा. घाई नाही, गडबड नाही."

एल्सी त्याच्या मोकळ्या बाहीकडे बघत होती.

"मग त्यांची नवी माणसं आली, ताजी, संगिनी लावून. आम्हाला हुकूम आला, मागे या, मागची पलटण पुढे येतेय. नीट हुकूम होता, पळापळ नव्हती. सगळे फिरले. मी ओरडलो, 'निनियन, मागे! हुकूम आहे!' तर म्हणतो कसा..." ह्यूने तोंड पुसलं. "म्हणतो, 'कुणाचा हुकूम? नाव विचारून ठेव, ह्यू. मागाहून कुणी कबूल करत नाही.'"

"रागाने म्हणाला?" मी विचारलं.

"छे. हसत होता. दातसुद्धा काळे झाले होते. आणि त्याने नवं काडतूस तोंडात धरलं. मग माझ्या हाताला काहीतरी लागलं. मी पडलो. नंतर तो मला दिसला तेव्हा..."

"लगेच गेला का?" सासूबाईंनी विचारलं.

"लगेच," ह्यू म्हणाला आणि विस्तवाकडे बघू लागला.

दोन दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं. आणि मग जे सुरू झालं ते मला जास्त जड गेलं. लोक यायला लागले. कुणी मांडीचं खारवलेलं मांस आणलं, कुणी पीठ. "मर्द निघाला निनियन." "हुकूम आला तरी हटला नाही, म्हणतात." "आपल्या ओढ्याचं नाव राखलं." ग्रीरबाईने चीजचा अख्खा गोळा पाठवला. मी सगळ्यांना बसा म्हणत होते, ताक देत होते. प्रत्येक जण जाताना एल्सीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "बापाचं नाव काढ हो." ती त्यांचं बोट चावायची.

मला कुणालातरी विचारायचं होतं, की बाबांनो, तो हटला असता तर तुम्ही पुन्हा त्याचं तोंड बघायला आला असतात ना? पण त्यांनी आणलेल्या पिठाची भाकर आम्ही खात होतो.

सासूबाई मात्र आटत चालल्या होत्या. जेवत होत्या, सूत काढत होत्या, पण आटत होत्या त्या आतून. एकदा पहाटे मला जाग आली तर त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "पदराने नुसतं टिपलं असतं तरी चाललं असतं. घासायची काय गरज होती?" मी डोळे मिटून पडून राहिले.

सगळ्यांत शेवटी कॅप्टन लोरिमर आला. या वेळी टोपी हातात होती. वर्षभरात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. तो आणि सासूबाई लहानपणी एकाच गाडीतून पेनसिल्व्हेनियाहून इकडे आले होते, असं निनियन मला सांगायचा. सासूबाईंनी त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. त्या विणत होत्या, एल्सीचे मोजे.

तो म्हणाला, "येत्या रविवारी मी प्रार्थनाघरात उभा राहून सांगणार आहे. निनियनबद्दल मी जे ठरवलं ते चूक होतं. सगळ्यांसमोर सांगेन."

"सांगा," मी म्हटलं. एल्सी माझ्या स्कर्टला धरून उभी होती. "पण एक मला आज सांगा. रविवारी नको, इथे सांगा. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा त्याचं तोंड काळं असतं, तर सोडलं असतंत का त्याला?"

सुया थांबल्या.

मला 'नाही' हवं होतं, सासूबाईंच्या कानावर पडावं म्हणून. खरं असो, खोटं असो. मी त्याच्याकडे अशी बघत होते, की एवढं एक खोटं बोला, त्याबदल्यात मी तुमचं सगळं सोडून देईन. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्याला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

"ॲडम ग्रीरला सोडलं होतंस," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्याचं काळं होतं."

"ॲडम माझ्या रॉबिनच्या शेजारी नव्हता, मार्गरी." कॅप्टनने टोपी गोल फिरवली, पुन्हा फिरवली. "निनियन होता. मी तुमच्या अंगणात आलो तेव्हा आतून मागाचा आवाज येत होता. खटाखट, खटाखट. माझा पोरगा मातीत, आणि हा कापड विणतोय. तो काळं तोंड घेऊन दारात उभा असता ना, तर मी म्हटलं असतं, चुलीतला कोळसा चोळून आलायस. मी त्याला नेलाच असता. मला कुणीतरी न्यायचाच होता."

एल्सीने माझा स्कर्ट सोडला, दोन पावलं टाकली आणि धप्पकन बसली.

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या त्याला घराबाहेर काढतील. मी तर काढलं असतं.

"रॉबिनचं तोंड धुतलंस का?" त्यांनी विचारलं.

त्याला आधी प्रश्नच समजला नाही. मग तो म्हणाला, "नाही. तसाच पुरला. काळं होतं, तसंच ठेवलं. खड्ड्यापाशी सगळ्यांना बोलावलं आणि म्हटलं, बघा, हा उभा राहिला होता." त्याने टोपी मुठीत पिळली. "त्याची आई म्हणत होती, पाणी आणते, धुऊ द्या. मी हात लावू दिला नाही तिला."

सासूबाई उठल्या. त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या हातातली टोपी काढून घेतली. तो ती इतकी पिळत होता, की फाटली असती.

"धुऊ द्यायचं होतंस रे, अँड्र्यू," त्या म्हणाल्या. "लेकरूच होतं ते."